बेडूक पकडल्यानंतर

— नाही, तसे डोळे चोळू नकोस, चोळलेले डोळे लगेच कळतात — ये, इथे स्टुलावर बस, हा कांदा घे, ही सुरी घे आणि चिरायला लाग. बारीक चीर, जाड चीर, माझं काही म्हणणं नाही, पण हातात कांदा असू दे. आता खायवेन खाली उतरला आणि म्हणाला, आई, डोळे का गं लाल, तर काय सांगशील? कांदा. बस्स. कांद्यावर कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. आणि हळू बोल. रडायचंय ना, रड, पण तोंड मिटून रड. ऐकतेस ना, वरून येतंय ते? म्हणतोय तो. ती निरोपाची लांबलचक कविता नाही का, शब्दन्‌शब्द पाठ लागते ती — सकाळपासून तीच चाललीय. शेवटच्या दिवसांत नवीन काही करायचं नाही, आहे तेच घोटायचं, असं मास्तरांनी सांगितलंय ना, मग घोटतोय बिचारा. तो आवाज चालू आहे तोवर आपलं सगळं ठीक आहे असं समजायचं.

मग फोन पहाटेच आला म्हणतेस? आणि तू आत्तापर्यंत एकटी पोटात घेऊन फिरतेयस होय. मोरीत नळ सोडून बसली होतीस, मला वाटलं ही पडदे धुतेय की काय. — झोपेतच गेले? मग चांगलं मरण आलं म्हणायचं. एवढं वय, शेवटपर्यंत आपल्या हाताने कोबीला पाणी घातलं, एक दिवस कोणाला अंथरुणाशी बसवलं नाही. तुझे सासरे ते, पण पोराला आई म्हण, बाप म्हण, तेच होते, हे मला नको सांगूस. तुम्ही दोघं तिकडे ग्वांगडाँगला कारखान्यात आणि हा बोलायला लागायच्या आधीपासून म्हाताऱ्याच्या पाठुंगळी. मला त्यानेच सांगितलंय, जेवता जेवता — काकू, आजोबा मला शाळेत पाठुंगळी न्यायचे, चांगला तिसरीत जाईपर्यंत, पोरं हसायची, मला लाज वाटायची, पण उतरावंसंही वाटायचं नाही. एवढं बोलला आणि भात मागून घेतला. — उद्या सकाळीच नेणार? हो, उन्हाचे दिवस, ठेवणार तरी किती. आणि फोटो हातात धरून पुढे थोरल्या नातवाने चालायचं असतं, तेही खरं. दुपारच्या बसने निघालात तर रात्री पोचाल, तेही खरं. आणि परीक्षा ही अशी उंबरठ्यावर. तू मनात बस बघतेयस ना? बघू नकोस. नवरा काय म्हणाला फोनवर? सांगू नको. वर्गशिक्षक काय म्हणाले? सांगू नका. आणि आता मी सांगते, सांगू नकोस. तीन तोंडं एकच सांगतात तेव्हा चौथ्याने डोकं चालवू नये.

अगं, कोणीच सांगत नाही. या गल्लीत परीक्षेच्या तोंडावर कोणी मरत नाही, माहितेय? जे मरतात ते पेपर संपले की मरतात — मग त्यांना जाऊन महिना का झालेला असेना. तिकडच्या टोकाच्या घरात एका मुलीची आजी गेली, तर घरच्यांनी सांगितलं, आजी आत्याकडे हवापालटाला गेलीय. तिचा चष्मा टेबलावर राहिला होता, तोही लपवला. समोरच्या वेईबाईंकडे एक पोरगा होता, त्याचे आई-बाप वेगळे झालेले, कागद होऊन सहा महिने झालेले, तरी बाप रविवारी येऊन त्याच ताटाला ताट लावून जेवायचा आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन सिगरेट ओढत रडायचा. पेपर संपले, संध्याकाळी पोराला दोघांनी सांगितलं. असं आहे. गाव आहे हे परीक्षेचं, विद्यापीठाच्या प्रवेशासाठीच तर आया पोरांना घेऊन इथे खोल्या करतात; इथे पोरांच्या कानात फक्त धडा जायला पाहिजे.

आता तुला सांगते, या वरच्या खोलीला मी जास्त भाडं का लावते. आलीस त्या दिवशी तोंड वाकडं केलं होतंस, विसरले नाहीये. म्हणालीस, फूताई, एवढ्यात आमच्याकडे अख्खं घर मिळतं. मिळत असेल, पण त्या अख्ख्या घरातून कोण शांघायला गेलंय? इथून माझी निंगनिंग गेली. त्याच टेबलावरून. टेबल हलू दिलं नाही मी, भिंतीला लावून, त्या जुन्या धुराड्याच्या पाइपाशी — पूर्वी इथे खाली कोळशाची चूल होती, ही बघ, इथेच, आता जिथे तांदळाचा डबा आहे तिथे. तिची ऊब पाइपातून वर जायची, थंडीत टेबल गरम राहायचं, लिहिणाऱ्याची बोटं आखडायची नाहीत. मग गॅस आला, चूल काढली, भोकावर हा पत्रा टेकवला, पण पाइप मी काढू दिला नाही. पाइपाबरोबर नशीब निघून गेलं म्हणजे? हसू नकोस. वेईबाईंनी तर पास झालेल्या पोराचे बूट ठेवलेत, दर वर्षी भाडेकरूच्या पोराला पायात घालून पाठवतात, मापाचे असोत नसोत. मागच्या वर्षीचा पोरगा लंगडत गेला गं परीक्षेला.

आणि शांतता. शांतता मी भाड्यात देते. दाराची घंटा काढली, घड्याळ पलीकडे न्हाव्याकडे ठेवलंय, कोंबडा विकला. धुराचा पंखा लावत नाही, घरघरतो मेला — घामाने निथळेन, पण लावणार नाही. टोफूवाला ह्वांग गल्लीत शिरला की ओरडत नाही, नुसता हात वर करून उभा राहतो वाहतुकीच्या पोलिसासारखा. आणि बेडूक. सोमवारी बघितलंस ना, सगळे बाप्ये बादल्या घेऊन मागच्या तळ्यात उतरले होते? दर वर्षीचं आहे ते. बेडूक धरायचे, बादलीवर फडकं बांधायचं आणि नदीपलीकडे सोडून यायचे. पोरांना विचारलं तर पोरं म्हणतात, काकू, आम्हाला उलट बेडकांच्या आवाजात बरं वाटतं, नका ना नेऊ. पण पोरांचं कोण ऐकतं. नेले. आणि मग बघ कशी शांतता होते — स्वतःच्या गिळण्याचा आवाज येतो माणसाला.

तर मी काय सांगत होते — हां, चेहरा. तोंडावर गार पाणी मारायचं, गरम नाही, गरमाने लाली राहते. पांढरं काही घालू नकोस, हा सदराही बदल, तो निळा घाल. आणि अति गोड वागू नकोस. इथेच सगळ्या चुकतात. एरवी ज्या पोराला, ऊठ मेल्या, नऊ वाजले, म्हणतेस, त्याला आज राजा-सोन्या केलंस की तो ओळखणारच. ओरड त्याच्यावर. नेहमीसारखं ओरड, मोज्यांवरून ओरड. — आता फोन. म्हातारबा रविवारी फोन करायचे ना? आणि मधूनमधून ते बोलून पाठवायचं, कोबीचे फोटो? तो फोन आता कोणाकडे आहे? धाकट्या दिराकडे? त्याला आत्ताच्या आत्ता सांग, फोन बंद करायचा नाही. हे लक्षात ठेव — माणूस गेला तरी चालतं, फोन बंद झाला की पोराला कळतं. चार्जिंगला लावून ठेवायचा. पोराचं काही आलं की लगेच नाही, जरा वेळाने उत्तर द्यायचं, म्हातारं माणूस चष्मा शोधत असेल एवढा वेळ. म्हणायचं, आवाजाचं बटण बिघडलंय, म्हणून लिहितोय. मी तेच म्हटलं होतं. माइक बिघडलाय, कंपनीत दुरुस्तीला टाकतो पेपर संपल्यावर, असं लिहिलं होतं, लगेच पटलं होतं तिला, म्हणजे पटल्यासारखंच —

काय? कोणाचा फोन म्हणजे? निंगनिंगच्या बाबांचा.

हो, ट्रकवर असतात असंच सांगितलं होतं तुला मी. असतात म्हणजे — होते. तुला काय सगळं पहिल्याच दिवशी सांगायचं होतं का, खोली बघायला आलेल्या बाईला? ज्या घरात बाप मेलाय त्या घरातली खोली कोण घेईल पोराला? झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. शान्शीहून कोळसा आणायचे. निंगनिंगच्या परीक्षेला पंधरवडा राहिला असेल, ट्रक रस्त्याच्या कडेला नीट लावलेला, दिवे चालू, आणि आत बसल्या जागी. छातीत कळ आली असेल, तरी मेल्याने आधी गाडी कडेला घेतली — मागून येणाऱ्याची काळजी. तसलाच माणूस. मी निंगनिंगला सांगितलं, डोंगरावरच्या देवळात जाऊन येते, तुझ्या परीक्षेसाठी उदबत्ती लावायला, एक रात्र मुक्काम पडेल. आणि गेले. पोलीस चौकीत त्यांनी मला घड्याळ दिलं, पट्टा दिला, थर्मास दिला आणि फोन दिला. फोन माझ्या हातात आला आणि हातातच थरथरला. तिचा. रोज संध्याकाळी ती बापाला पाठ म्हणून दाखवायची ना — हे ट्रक ढाब्याशी उभा करून मांडीवर पुस्तक घ्यायचे, तिनेच त्यांना पानांचे फोटो काढून दिले होते, आणि ओळीवर बोट ठेवून ऐकायचे. शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण बोट ओळीवरून हलत नसे. चुकली की खाकरायचे. बस, एवढंच, खाकरायचे, की ती मागे जाऊन पुन्हा म्हणायची. त्या दिवशी हे फोन उचलत नाहीत म्हणून तिने कविता बोलून पाठवली होती, आणि वर लिहिलं होतं, बाबा, ऐका आणि सांगा, उद्या मास्तर विचारणारेत. आता मी काय करणार होते सांग. तो पोलीस माझ्याकडे बघतोय, मी फोनकडे बघतेय. मी लिहिलं, छान, एकही चूक नाही. त्यांच्या नावाने मी लिहिलेलं हे पहिलं.

मग काय, दुसऱ्या दिवशी परत आले. अस्थींची पेटी घेऊन आले गं, ठेवणार कुठे? गावी न्यायची तर चार दिवस मोडणार, आणि मी नाही तर तिला करून कोण घालणार? इथेच ठेवली, त्या तुझ्या मागच्या कपाटात — उठू नकोस, आता नाहीये, आता गावी टेकडीवर व्यवस्थित आहेत ते — वर लाल फडकं घातलं. निंगनिंग म्हणाली, हे काय? म्हटलं, देवळातून आणलंय, उघडायचं नाही, पेपर झाल्यावर उघडायचं. ती बरं म्हणाली. तिथे ती, इथे मी, आणि कपाटात ते, असे आम्ही तिघं जेवत होतो. ताकास तूर लागू दिली नाही मी. ह्वांगला सांगितलं होतं, वेईबाईंना सांगितलं होतं, शिक्षकांना सांगितलं होतं, सगळी गल्ली तिच्याकडे बघून गोड हसायची. आता मी म्हणते ना अति गोड वागू नको, ते त्याच्यावरूनच. कोपऱ्यावरचा न्हावी ज्याने जन्मात कोणाला नमस्कार केला नाही, तोसुद्धा दारात येऊन, काय निंगनिंग, कसा चाललाय अभ्यास. पुढे ती ह्वांगकडून टोफू आणायची नाही कधी. मी म्हणायचे, अगं, चांगला असतो त्याचा. नको म्हणायची.

आणि संध्याकाळी शेवटची उजळणी. तेव्हा शाळा पोरांना शेवटचा पंधरवडाभर घरी सोडायची, आतासारखी चारच दिवस नाही. ती वर टेबलापाशी बसायची, कविता म्हणायची, बापाला पाठवायची. मी इथे, बरोबर इथेच, या तांदळाच्या डब्यावर फोन ठेवून, आवाज अगदी बारीक करून ऐकायचे — ऐकायला तर पाहिजे ना, न ऐकता छान म्हणायचं म्हणजे फसवणूक झाली. आणि मग लिहायचे, छान. अभ्यास झाला का? झोप लवकर. एकदा मात्र तिने लिहिलं, बाबा, तुम्ही हल्ली मी जेवले का ते विचारत नाही. आई शप्पथ, वाटलं, पकडले गेले. कारण हा माणूस फोनवर पहिलं तेच विचारायचा, जेवलीस का. भूकंप झाला असता तरी आधी जेवलीस का. आणि मी ते कसं विचारीन, मला काय माहीत नव्हतं होय ती जेवली ते? वाढणारी मीच. त्या दिवसापासून विचारायला लागले. तिने लिहिलं, जेवले. मग रोजचंच झालं. खालून मी विचारायचे जेवलीस का, वरून ती लिहायची जेवले — आणि ताट इथे मोरीत धुवायला पडलेलं.

बरं, पेपर झाले. शेवटच्या पेपरला मी फाटकाशी उभी, लाल झगा घालून. हो, लालच. सगळ्या आया त्या दिवशी शुभ म्हणून लाल घालतात, एकटी मीच पांढऱ्यात उभी राहिले असते तर तिने लांबूनच ओळखलं नसतं? वेईबाईंनी गळ्याशी बटणं लावून दिली, दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. पोरं बाहेर आली, कोणी ओरडतंय, कोणी वह्या उडवतंय, आणि ही सरळ चालत आली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आपलं शाळेचं निळं जाकीट काढलं आणि माझ्या अंगावर घातलं. घातलं आणि चेन वर गळ्यापर्यंत ओढली. लाल अजिबात दिसेनासं होईस्तोवर. भुरभुर होती जराशी, मला वाटलं, पोरीला किती माया, आई भिजेल म्हणून. मी वेईबाईंना कौतुकाने सांगितलंसुद्धा.

संध्याकाळी सांगितलं तिला मी. कपाट उघडलं, फडकं काढलं आणि सांगितलं. मी तयारीत होते, शेजारून दोघी बोलावून ठेवल्या होत्या, पोर कोसळली तर धरायला. कोसळली नाही. रडलीही नाही. पेटीवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, जेवून घेऊ या. तिघींनी ऐकलं. मला तेव्हा इतका राग आला, तुला सांगते. म्हटलं, पुस्तकं घोटून घोटून पोरीचं काळीज वाळून गेलं, बाप मेला तर डोळ्याला पाणी नाही. कोणाला बोलले नाही, पण मनात धरलं. शांघायला गेली, मार्क तर बघतच राहावे असे, खोलीचं भाडं वाढलं, सगळं झालं, पण मी ते धरून ठेवलं. आणि ती मला फोन करत नाही. सणाला येते, भांडी घासते, जाते. पण बापाच्या फोनवर — हो, अजून चालू आहे, तो काय, डब्यावर — रोज संध्याकाळी येतं. जेवले. एवढंच. गेल्या माणसाला रोज सांगते, आणि जिवंत आईला दोन शब्द नाहीत. आणि उत्तर कोण देतं? मीच. बरं, लिहिते. कधीकधी तर मला कळत नाही, ते बरं मी लिहिलं की त्यांनी. आणि मग तिच्या त्या जुन्या कविता असतात ना फोनमध्ये, त्यातली एक लावते. स्वयंपाक करता करता. त्या पोलीस चौकीतली नाही लावत, ती सोडून बाकीच्या. एका जागी अडखळते ती, दर वेळी त्याच जागी, आणि जरा थांबते. खाकरायला जागा दिल्यासारखी.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण माझं राहिलं होतं ना. चांगलं पेपर होईपर्यंत राहिलं. म्हणूनच तुला सांगते, जमतं, निभतं, तू फक्त —

परवा तुझा खायवेन वाडगा ठेवायला खाली आला होता. तुला बोलला असेल. नाही? मला म्हणाला, फूकाकू, संध्याकाळी खाली कविता कोण म्हणतं? एक मुलगी आहे, फार सुंदर म्हणते. एरवी संध्याकाळी तो शाळेत असतो, आता चार दिवस घरी, म्हणून. मी म्हटलं, रेडिओ. तर म्हणतो, रोज एकाच जागी अडखळतो का रेडिओ? मी म्हटलं, जा, उगाच चौकशा नकोत, अभ्यास कर. तो हसला. जाता जाता म्हणाला, बेडूक नेल्यापासून तर टेबलाशी बसलं की कानाशी बसून म्हटल्यासारखी ऐकू येते.

टेबलाशी बसलं की.

थांब, मला जरा टेकू दे. तो ओटा सोड. — नाही, पाणी नको. दोन दिवस मी हे वाक्य दाराबाहेर उभं करून ठेवलंय. रेडिओ म्हणाले ना, मग रेडिओच, असं करून भांडी घासत होते. पण तू सांग, ती वर बसून म्हणायची, पाठवायची. बाप शान्शीला. आणि लगेच खालून, त्या पाइपातून, तिचाच आवाज तिच्याच कानात. आपल्या आईच्या स्वयंपाकघरातून. बेडूक नाहीत, पंखा नाही, घंटा नाही, ह्वांग हात वर करून उभा — आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकू येईल अशी सोय केली होती. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी. मी डोंगरावरून आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी कळलं असेल तिला. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. आणि तिसऱ्या दिवशी. कोणाला म्हणून दाखवत होती ती? मला. मला वाटू नये म्हणून की तिला कळलंय. जेवले का ते विचारत नाही, हे तिने बापाला नव्हतं लिहिलं गं. मला शिकवत होती ती, कसं करायचं ते.

आणि ते जाकीट. भुरभुरीसाठी नव्हतं ते. बाप मेलेल्या पोरीने विधवा आईचं लाल झाकलं चार लोकांत.

मग रडली कुठे ती? मला तेवढं सांग. या घरात मुंगी चालली तरी ऐकू येते, मी तशीच ठेवते ना घर, वर खुर्ची सरकली तर मला कळतं, तिने पान उलटलेलं मला कळायचं. हुंदका कसा नाही कळला? उशीत तोंड खुपसलं असेल? की दिलाच नसेल — आई खाली ऐकेल, आईचं बिंग फुटेल, परीक्षा होऊ दे तिची, म्हणून. परीक्षा माझी चालली होती. एकटीने बसून त्या टेबलाशी, हातात पुस्तक, आणि मी खाली लिहितेय छान, एकही चूक नाही. चार वर्षं मी त्या पोरीवर राग धरला की ती रडली नाही. आणि ते रोजचं जेवले, ते तरी कोणाला —

थांब.

कधी थांबला तो?

म्हणत होता ना आत्ता? तू कांदा घेतलास तेव्हा म्हणत होता, मी तुला म्हटलं ऐक, म्हणतोय, — त्यानंतर? बेडकांचं सांगत होते तेव्हा येत होता आवाज? तुला आठवतंय? मला नाही आठवत. मी बोलतच होते. पाणी प्यायला उठला म्हणतेस? खुर्ची वाजली असती. झोपला? नाही झोपला, तो पलंग करकरतो. हा पत्रा बघ, नुसता टेकवलाय, हात घाल आत, वारा लागतो.

ऊठ. नाही, तोंड धुऊ नकोस, सदरा बदलायच्या भानगडीत पडू नकोस, तशीच जा. तो पुस्तक उघडून बसलेला असेल, बघ, बरोबर पान उघडं असेल. वर बघेल आणि तूच काही बोलायच्या आत विचारेल, आई, डोळे लाल का, कांदा चिरत होतीस का. तो तुला कांदा देईल, खायवेनची आई. घेऊ नकोस. तुझ्यासाठी गप्प बसेल तो पेपर संपेपर्यंत, चांगला मुलगा आहे, बसेल, आणि पुढेही बसेल. नको बसू देऊस. नवऱ्याला मी सांगते, शिक्षकांनाही मी सांगते. बस दोनला आहे, मी भात बांधून देते, फोटो त्याला धरू दे आजोबांचा. पेपरला पोचला तर पोचला, नाही तर पुढच्या वर्षी, खोली काय पळून जातेय. आणि वर जाऊन दोघांनी काय मोठ्याने रडायचं ते रडा, गल्लीला ऐकू गेलं तरी चालेल.

जा म्हणते ना. माझ्याकडे काय बघतेस. — आणि तो कांदा इथे ठेव. मला लागणारे.